म्हाकूची सकाळ

एका गावात घरोघरी घोंगड्या विणल्या जात. त्या गावात म्हाकू नावाची एक बाई होती. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावावी तर म्हाकूनेच, असं आजूबाजूची चार गावं म्हणत. चिंचोके शिजवून केलेली ही लापशी अंगणात ताणलेल्या लोकरीच्या धाग्यांवर कुंच्याने चोळायची. त्यानेच धागा बळकट होतो. पण काम ऊन चढायच्या आत उरकावं लागतं. उशीर झाला की खळ धाग्यात मुरत नाही, वरच वाळते.

एका वर्षी चिंचा झोडपताना फांदी मोडली आणि म्हाकू खाली आली. जीव वाचला, कंबरेखालचं अंग गेलं. घरात ती एकटीच होती.

गाव वाईट नव्हतं. पाटील मसूतात्यांनी चावडीवर जाणती माणसं जमवली आणि म्हाकूचे वार लावून दिले. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं, अशी सात घरं तिला आंघोळ घालतील, जेवू घालतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हाकूचं घर चावडीसमोरच होतं. दारही उघडं होतं. तिला विचारायला कोणी गेलं नाही.

सोमवारचं घर दुपार उलटल्यावर यायचं. मंगळवारचं घर तिला काखेत हात घालून फरफटत ओढायचं. गुरुवारच्या घरी उपास, म्हणून म्हाकूलाही उपास. शनिवारच्या काकू तिला न्हाऊ घालता घालता तिच्या नशिबावर रडायच्या, तोवर पाणी गार व्हायचं. दोन महिन्यांत तिच्या पाठीवर जखमा झाल्या. खळीचा कुंचा कोपऱ्यात वाळून काटा झाला.

म्हाकूने मसूतात्यांना बोलावणं धाडलं. म्हणाली, "तात्या, सात घरं माझ्यासाठी जे खर्चतात, ते धान्य एकत्र करून माझ्या हाती द्या. मदतीला कोण ठेवायचं, त्यानं कधी यायचं, मला कसं उचलायचं, ते मी बघते."

तात्या हसले. "पोरी, तुला कूस बदलता येत नाही. तू माणसं राबवणार?"

"कंबर मोडलीय, तात्या. डोकं जागेवर आहे."

"आणि चुकलीस तर?"

"तुम्ही चुकलात तेव्हा पाठ माझी सोलली. मी चुकले तरी माझीच सोलणार. मग चुकायला तरी मला मिळू द्या."

जाणत्यांनी दोन दिवस काथ्याकूट केला. शेवटी धान्य द्यायचं ठरलं, पण अट घालून. दिवाळीपर्यंत जमलं नाही, तर म्हाकूने पेठेच्या धर्मशाळेत जायचं. त्या धर्मशाळेत गेलेलं माणूस परत आल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं.

म्हाकूने सोनाबाईला ठेवलं. सोनाबाई फार गोड बोलायची. पंधराव्या दिवशी ती म्हाकूला ओल्या अंथरुणावर टाकून शेजारच्या गावच्या जत्रेला गेली, ती तिन्हीसांजेला आली. भरत आलेली जखम पुन्हा उघडली.

जाणती माणसं ताजीतवानी झाली. "आम्ही म्हटलं नव्हतं?" एवढं वाक्य म्हणायला मिळालं, की काही वडीलधाऱ्यांना महिनाभर औषध लागत नाही.

म्हाकूने सोनाबाईला स्वतःच निरोप दिला. तात्यांना म्हणाली, "जिभेला भुलले. चूक माझीच. आता हात बघून माणूस ठेवते."

तिने केराबाईला बोलावलं. केराबाई म्हशी पाळायची आणि तोंडाने अशी फटकळ, की तिच्या दारावरून भिकारीही जात नसे.

"अगं, ती म्हशीवर ओरडली तर शिवेपर्यंत ऐकू येतं," तात्या म्हणाले.

"येतं ना. पण तिच्या एका म्हशीच्या अंगावर वळ दाखवा."

केराबाई आली. कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "कुठं कुठं दुखतं ते आधी सांग. मग हात लावीन."

पडल्यापासून म्हाकूला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिने सांगितलं. काखेत हात घालू नकोस. अंगाखाली घोंगडी सरकव आणि घोंगडीसकट मला वळव. दिवसातून इतक्या वेळा, न चुकता. आणि कोंबडा आरवला की ये.

दोघींची भांडणं साऱ्या आळीला ऐकू जायची. "गिळ की गं, भाकरी काय तोंडाकडं बघायला दिलीय?" केराबाई ओरडायची. "आधी मीठ घालायला शिक," म्हाकू उलट ओरडायची. जखमा मात्र भरत चालल्या.

सोपं काही नव्हतं. केराबाईला ताप आला तर कोण येईल, हे म्हाकूलाच आधी ठरवून ठेवावं लागे. धान्यही पूर्वीइतकंच लागे. ते कुणी बोलून दाखवलं, की ती म्हणायची, "स्वस्त पडेल असं मी कुठं म्हटलं होतं? माझ्या वेळेला होईल, एवढंच म्हटलं होतं."

दिवाळीला आठ दिवस होते. उजाडताना केराबाईने म्हाकूला चाकं लावलेल्या फळीवर बसवून अंगणात आणलं. म्हाकूच्या सांगण्यावरून ताण्याच्या खुंट्या हातभर खाली ठोकल्या होत्या. म्हाकूने कुंचा खळीत बुडवला. ऊन अंगणात उतरलं तेव्हा शेवटचा धागा भिजून झाला होता. विणकर जमले. एकाने धागा बोटांत धरून ताणला. तो तुटला नाही. त्याने आपल्या घरचा ताणाही आणून दिला.

धर्मशाळेचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढच्या वर्षी मसूतात्या विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. बाजेभोवती मुलं, सुना, भावकी जमली. सोमवारी कोण, मंगळवारी कोण, याची वाटणी तात्यांच्या डोक्यावरूनच सुरू झाली. तात्या एकदा बोलायला गेले. थोरला मुलगा म्हणाला, "तुम्ही पडून राहा. आम्ही बघतो."

तात्या म्हणाले, "म्हाकूला बोलवा."

केराबाई म्हाकूला फळीवरून घेऊन आली. म्हाकूने बाकीच्यांकडे पाहिलं नाही. तिने विचारलं, "तात्या, तुम्हाला सकाळी कधी उठायचं असतं?"

"धारा काढायच्या आधी," तात्या हळूच म्हणाले. "चरवीत पहिली धार पडते ना, तो आवाज ऐकायचा असतो मला. रोज ऐकतो."

"आम्हाला हे ठाऊकच नव्हतं," थोरला म्हणाला.

"विचारलं का?" केराबाई म्हणाली, आणि तात्यांच्या अंगाखाली सरकवायला तिने घोंगडी उलगडली. मग हात आखडला, तात्यांकडे वळली. "कुठं कुठं दुखतं ते आधी सांगा."

तात्पर्य: हात दुसऱ्याचे लागले, तरी दिवस ज्याचा त्याचाच असतो. म्हणून माणसाला उचलण्याआधी विचारावं, आणि विचारलं की तो सांगेल तसंच उचलावं.