बाजू नसलेली तार

अणूंच्या मानाने फार जुनी गोष्ट. एका अतिबारीक तारेत इलेक्ट्रॉन एकामागे एक उभे होते. सगळ्यात मागच्या खंडूला सगळ्यात पुढच्या थोरल्या भावाला, दगडूदादाला, एकदा भेटायचं होतं.

"बाजूला व्हा!" तो ओरडला.

"या तारेला बाजूच नाही, गाढवा!" पुढचा म्हातारा खेकसला.

खंडूने चिडून त्याला ढोसलं. म्हाताऱ्याने पुढच्याला, त्याने त्याच्या पुढच्याला. धक्का शिव्यांसकट टोकाला गेला. खंडू होता तिथेच राहिला.

थोड्या वेळाने पुढून उलटा धक्का आला. म्हातारा कण्हत म्हणाला, "दगडू विचारतोय, हा आडमुठा धक्का आमच्या खंड्याचाच ना?"

खंडूने पुढे जायचा नाद सोडला. आता तो रोज ढकलतो, आणि अख्खी तार त्याला शिव्या घालते.