उतरवलेला तट

वाकणगडावर आता पाहण्यासारखं फारसं उरलेलं नाही. एक चौथरा, गाळाने भरलेलं टाकं आणि पडका दरवाजा. तट तर गुडघ्याएवढाही नाही. तोफांनी पाडला असेल, असं पाहुण्यांना वाटतं. पण शत्रू या गडावर कधी आलाच नाही, असं पायथ्याच्या गावात सांगतात.

गड बांधायला काढला, तेव्हा किल्लेदाराचा हुकूम होता म्हणे, की जो वर येईल त्याने पायथ्याच्या ओढ्यातला एक धोंडा आणायचा. मग तो भटजी असो नाहीतर नवी नवरी. ठमाई गवळण रोज डोक्यावर दुधाची चरवी आणि कडेवर धोंडा घेऊन चढायची. वीस वर्षं चढली बिचारी. गुडघे गेले, पाठ वाकली. तट मात्र झकास उभा राहिला.

तिची एकुलती एक लेक राही गडावरच्या शिपायाला दिलेली. एके दुपारी निरोप आला, राही बाळंतपणात अडली आहे, आईला हाका मारते आहे. ठमाई होती तशी निघाली आणि धापा टाकत दरवाजाशी पोचली. हात रिकामे! वीस वर्षांत पहिल्यांदाच ती धोंडा विसरली होती.

दरवाजावरचा नाईक गावातलाच. तो म्हणाला, "ठमाई, माझाबी जीव तुटतोय गं. पण तुला सोडली तर माझं डोकं जाईल. धोंडा आण."

वाटेवरचे धोंडे लोकांनी केव्हाच वेचून नेले होते. ती पुन्हा ओढ्यापर्यंत उतरली, पुन्हा चढली. पोचली तेव्हा राही गेली होती, पोटातलं मूलही.

ठमाई रडलीसुद्धा नाही म्हणे, इतकी थकली होती. राहीचं दिवसकार्य झाल्यावर तिने तटातला एक धोंडा उपसला, कडेवर घेतला आणि खाली निघाली. नाईकाने हटकलं.

"चढताना आणायचा हुकूम हाय," ती म्हणाली. "उतरताना न्यायचा न्हाई, असं कुठं म्हटलंय?"

नाईक दरवाजातून बाजूला झाला. मरेपर्यंत ती रोज एक धोंडा उतरवत राहिली. पुढे गावच्या बाकीच्या बायाही उतरवू लागल्या. किल्लेदार तरी किती जणींना कोंडणार? गडाला दूध-भाकर त्यांच्याच हातची.

आजही गावातल्या लेकीला सातवा महिना लागला, की तिची आई गडावर जाते. नारळ नाही, नवस नाही. एक धोंडा उचलते, खाली आणून ओढ्यात सोडते, घडीभर पाण्यात पाय टाकून बसते. मग उठून लेकीच्या घरी जाते. वाटेत तिला कोणी अडवत नाही.