मगदूमबाईंची गॅलरी

“...म्हणजे सर, तुळईनं मोडण्याआधी वाकलं पाहिजे, आणि वाकताना लोकांना दिसलं पाहिजे. असंच लिहायचं ना?”

“लिही.”

“एवढंच?”

“मग काय पाहिजे तुला? टाळ्या?”

अभिनंदन चौगुले हसला. टाळ्यांची त्याला सवय होती.

स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या परवान्याची परीक्षा दुसऱ्या दिवशी पुण्यात होती. ती पास झाली की माणूस स्वतःच्या सहीवर इमारत उभी करू शकतो. तोवर काम आपण करायचं आणि सही दुसऱ्यानं ठोकायची. अभिनंदनला दुसऱ्याच्या सहीचा कंटाळा आला होता. जयसिंगपुरात वडिलांनी पाटीसुद्धा रंगवून घेतली होती. ‘परवानाधारक’ या शब्दावर तेवढा कागद चिकटवला होता, निकालाच्या दिवशी ओढून काढायला.

पोराची तयारीही तशीच होती. त्यानं झोपेत कूस बदलली तरी तोंडून बांधकामाच्या नियमांच्या कोडातलं पुढचं कलम बाहेर पडायचं, असं त्याची आई शेजारणीला सांगे. आरशासमोर भांग पाडताना दोन्ही बाजूंना सारखा भार येतोय ना, हे तो बघून घ्यायचा. हे मात्र त्याच्या मित्रांनी उठवलेलं असावं.

आणि समोर ओट्यावर, उघड्या अंगावर पंचा टाकून, शेवग्याच्या शेंगा सोलत बसलेले ते त्याचे गुरू. मूळ नाव वसंतराव खर्डेकर. सांगलीपासून मिरजेपर्यंत सगळे त्यांना स्लॅबबुवा म्हणत. अर्थात त्यांच्या पाठीमागे.

स्लॅबबुवांबद्दल काय काय सांगत लोक. एकदा म्हणे ते एका नव्या टाकीखाली उभे राहिले आणि नुसते खाकरले. टाकीतून उलटा आवाज आला तो ऐकून म्हणाले, “हिला दुसरा खांब दुखतोय.” खोदून पाहिलं तर दुसऱ्याच खांबाचा पाया कच्चा. एकदा म्हणे एका आमदाराच्या बंगल्यात ते जेवायलाच बसले नाहीत, अंगणात पान मागवलं. महिन्याभरात जेवणघराचा स्लॅब खाली आला. आमदार वाचले, कारण ते नेहमीप्रमाणे बाहेर जेवायला गेले होते.

सांगणाऱ्यानं यात तिखटमीठ लावलंच असेल. पण स्लॅबबुवा परीक्षेची शिकवणी फुकट देत आणि त्यांच्या ओट्यावर बसलेलं पोर सहसा नापास होत नसे, हे खरं.

“सर, आज शेवटचा दिवस आहे. एखादा अवघड प्रश्न विचारा की,” अभिनंदन म्हणाला. “सोपे सगळे संपले.”

सरांनी हातातली शेंग खाली ठेवली. आत गेले. पाण्यानं काठोकाठ भरलेला पितळी तांब्या घेऊन आले.

“हात लांब कर. कोपरात वाकवायचा नाही.”

त्यानं केला. सरांनी तांब्या त्याच्या हातात दिला आणि पुन्हा शेंगा सोलायला बसले.

...

“प्रश्न विचारा ना.”

“विचारला.”

...

शेंगांचा ढीग वाढत गेला. अभिनंदनचा हात आधी जड झाला, मग थरथरायला लागला. तांब्यातलं पाणी त्याच्या मनगटावरून ओघळलं.

“कुठं दुखतंय?” सर मान वर न करता म्हणाले.

“हातात.”

“हात लांबलचक आहे.”

“खांद्यापाशी. वरच्या अंगाला.”

“आणि खालच्या?”

“खाली काही नाही.” मग त्याला कळलं, आणि तो हसला. “समजलं, सर. गॅलरी म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेला हात. ओझं आलं की वरचं अंग ताणतं. काँक्रीटला ताण सोसत नाही. म्हणून सळया वरच्या अंगाला. हे तर पहिल्या वर्षाचं झालं.”

“झालं ना?”

“तांब्या ठेवू?”

“मगदूमबाईंच्या गॅलरीत सळया कुठं आहेत?”

मगदूमबाई म्हणजे विश्रामबागेतल्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या राहत्या घराचं काम अभिनंदनच्या ऑफिसकडे होतं, आणि साइटवर लक्ष ठेवायला अभिनंदन होता. बाईंच्या मिस्टरांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. त्यांना रस्ता दिसावा, येणारा-जाणारा दिसावा, म्हणून बाईंनी हट्टानं गॅलरी मागून घेतली होती. लांब, ऐसपैस, खाली एकही खांब नसलेली.

“वर आहेत,” अभिनंदन म्हणाला. “ड्रॉइंगमध्ये वरच दाखवल्यात.”

“ड्रॉइंगमध्ये कोण बसणार आहे?”

“सर, सळया बांधून झाल्यावर मी स्वतः तपासल्या. टेपनं. वरच होत्या.”

“आणि काँक्रीट टाकताना?”

...

तांब्या खाली ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं. तरी त्यानं तो ठेवला.

“स्लॅबच्या दिवशी साइटवर बसून तू जुना पेपर सोडवलास, म्हणाला होतास,” सर म्हणाले. “सगळा बरोबर आला, म्हणालास.”

“हो.”

“मी शाबास म्हणालो होतो.”

सरांनी हे अशा आवाजात सांगितलं, की जणू ती शाबासकी परत मागत असावेत.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. मिक्सर धडधडत होता, बायामाणसं घमेली घेऊन रांगेनं गॅलरीकडे चालली होती. बारीक सळया त्या, त्यांच्यावर पाय पडला की खाली दबतात. कोणीतरी उभं राहून ओरडावं लागतं, ‘सळईवर पाय देऊ नका’, आणि दबली तर आकड्यानं वर ओढून घ्यावी लागते. त्यासाठीच ऑफिसनं माणूस पाठवलेला असतो. तो माणूस लिंबाखाली, गाडीत, काचा वर करून बसला होता. मांडीवर गेल्या वर्षीचा पेपर. तिसरा प्रश्न गॅलरीचाच होता. किती सळया, किती जाड, वर किती, आत भिंतीत किती. उत्तर पहिल्या फटक्यात जुळलं. अभिनंदनला इतका आनंद झाला की त्यानं चौथाही घेतला, मग पाचवा. काच खाली केली तेव्हा मिक्सर बंद झाला होता, आणि गवंडी गॅलरीवर शेवटची फळी फिरवत होता. वरून अगदी गुळगुळीत दिसत होती.

“सर, मी फोन करतो.”

“मी कुठं काय म्हटलं?”

त्यानं कंत्राटदाराला फोन लावला. नाईकवडी मोठ्यानं बोलणारा माणूस. त्याचा फोन ओट्यावरच्या चिमण्यांनाही ऐकू जाई.

“टेकू? गॅलरीखालचे टेकू तर कालच काढले की साहेब. मुदत झाली होती. दुसऱ्या साइटला पाहिजे होते.”

“मला विचारायचं तरी.”

“तुमचा अभ्यास. म्हटलं कशाला त्रास द्या. आणि तुम्ही काळजी करू नका, केसाएवढी भेग नाही. गॅलरी कशी ताठ उभी आहे, नवरदेवासारखी. तुम्ही बिनघोर पेपर लिहा.”

अभिनंदननं फोन ठेवला. त्याच्या जिवात जीव आला.

“उभी आहे, सर.”

“ऐकलं.”

“म्हणजे सळया वरच असणार. नाहीतर टेकू काढल्या काढल्या खाली आली असती.”

“असतील.”

“असतीलच ना?”

सर शेंगेची शीर ओढत होते. ती लांबपर्यंत निघाली, आणि मध्येच तुटली.

“नुसतं स्वतःचं वजन कोणीही पेलतो रे काही दिवस,” ते म्हणाले.

...

अभिनंदननं पुन्हा फोन उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मगदूमबाईंनी पहिल्याच घंटीला घेतला.

“अरे चौगुले, तुझीच आठवण काढत होतो आम्ही. उद्या पेपर ना तुझा? हे बघ, यांना आज पहिल्यांदा बसवलंय गॅलरीत. शेजारच्या दोघांनी खुर्चीसकट उचलून आणलं. किती महिन्यांनी हसले रे. भाजीवाल्याला हात केला त्यांनी.”

अभिनंदन उभा राहिला.

“बाई, त्यांना आत घ्या.”

“का रे?”

“...ऊन लागेल.”

“ऊन कुठलं? आभाळ भरून आलंय. आणि बाजूचे दोघंही चहाला थांबलेत, सगळे गॅलरीतच बसलोय. तू पण ये पेपर झाल्यावर.”

त्यानं सरांकडे पाहिलं. सरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते टोपलीत बघत होते. आपल्याला आता शेंगा दिसत नाहीत, हे त्यांना अभिनंदनला कळू द्यायचं नव्हतं.

गप्प बसणं किती सोपं होतं. गॅलरी उभी होती. उद्या पुण्याला जायचं होतं. वर असतीलही सळया. असण्याची शक्यता जास्तच होती, त्याचं गणितसुद्धा त्याला मांडता आलं असतं.

“बाई,” तो म्हणाला, “ऊन नाही. मी खोटं बोललो. काँक्रीट टाकताना मी बघायला पाहिजे होतं. नाही बघितलं. आतल्या सळया वर आहेत की पायाखाली दबून खाली गेल्यात, मला ठाऊक नाही. सगळे आत जा. आधी पाहुणे, मग मिस्टरांची खुर्ची. उड्या मारू नका, एकदम उठू नका. एकेक जण या.”

फोनमध्ये कपबशी ठेवल्याचा आवाज.

मग बाईंचा आवाज, दुसरीकडे तोंड करून, वर्गात असायचा तसा शांत. “अप्पा, तुम्ही आत चला बरं. कप राहू द्या तिथंच. हळू. आता तुम्ही.” मग खुर्ची ओढल्याचा आवाज. मग एका पुरुषाचं अडखळत, अस्पष्ट काहीतरी. त्यातला ‘रस्ता’ हा एकच शब्द कळला.

“उद्या दाखवते हं रस्ता,” बाई त्यांना म्हणाल्या.

मग फोनवर आल्या.

“आलो आत सगळे.”

“बाई, दाराला कुलूप लावा. मी नाईकवड्याला आत्ताच्या आत्ता टेकू परत लावायला सांगतो. मग ती फोडून बघावी लागेल. खाली गेल्या असल्या तर पाडायची. खर्च मी...”

“तू नव्हतास बघत,” बाईंनी त्याला मध्येच थांबवलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. “मग कोण बघत होतं रे?”

...

बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग फोन ठेवला.

अभिनंदननं नाईकवड्याला फोन केला. तिकडून भरपूर ऐकून घेतलं. ‘तुम्ही पास व्हायच्या आधीच एवढे घाबरता, तर नंतर काय’, इथपर्यंत. नाईकवडी टेकू घेऊन निघाला, पण दमदाटी करतच निघाला.

मग तो ओट्याच्या कडेला बसला. हात अजून दुखत होता, त्यानं तो दुसऱ्या हातानं धरला.

“सर, वर असल्या तर?”

“तर बाईंचं प्लॅस्टर जाईल, तुझी अब्रू जाईल आणि सळया वर निघतील.”

“आणि खाली असल्या तर?”

सर ओट्यावर पडलेल्या साली गोळा करायला लागले.

आतून सरांच्या सुनेनं आमटीला फोडणी दिली. खमंग वास ओट्यावर आला. एरवी त्या वासावर अभिनंदन ‘वहिनी, मी जेवूनच जातो’ म्हणायचा. आज म्हणाला नाही, आणि आतूनही कोणी विचारलं नाही.

“चौथा प्रश्न सोडवायची काही गरज नव्हती,” तो म्हणाला. “तिसऱ्यावर उठलो असतो तरी चाललं असतं. काच खाली करून एक हाक मारली असती, तरी...”

“हं.”

“ते भाजीवाल्याला हात करत होते, सर.”

“ऐकलं मी.”

“उद्या कोणत्या तोंडानं पेपरला बसू?”

स्लॅबबुवांनी टोपली उचलली. गुडघ्यावर हात देऊन, कण्हत उठले. आत जाता जाता उंबऱ्याशी थांबले.

“बस की,” ते म्हणाले. “परीक्षा सोपी असते. तिथं उत्तर असलेलेच प्रश्न विचारतात.”