इंगवले सरांचा तिळगूळ

संक्रांतीच्या त्या सकाळी गार वारं सुटलं होतं आणि ऊन पडूनही अंगातली हुडहुडी जात नव्हती. गुंडूअण्णा चौगुले नातीला, तनिष्काला, घेऊन कोल्हापुरातल्या एका फुटबॉल क्लबात गेले. पोर गल्लीत हसत-खिदळत खेळायची. क्लबात घालून तिची हौसच मरू नये, एवढीच अण्णांना काळजी. सोबतीला शेजारचे हिंदुराव होते.

मैदानावर कोच इंगवले सर सारखे ओरडत होते, "डावीकडं पळ. पास दे. आता मार." पाहुणे बघून त्यांनी छाती पुढं काढली. "बघितलंत अण्णा? माझ्या शब्दाबाहेर एक पोर जात नाही. याला म्हणतात शिकवणं."

"दिसतंय की," अण्णा म्हणाले आणि घरून आणलेल्या डब्यातला सगळ्यांत मोठा, चिक्कीच्या गुळाचा लाडू त्यांनी पुढं केला. "सणाचा तिळगूळ आहे, नाही म्हणू नका."

नाही कसं म्हणणार? सरांनी अख्खा लाडू तोंडात टाकला आणि त्यांचे दात जे बसले ते सुटेनात. तिकडं चेंडू एका पोरापाशी आला. त्यानं सरांकडं बघितलं. मग सगळ्यांनीच सरांकडं बघितलं. चेंडू गडगडत गटारीत गेला, तरी जागचं कुणी हललं नाही.

अण्णांनी सावकाश विचारलं, "सर, लाडू तर तुमच्या दाताला चिकटलाय. मग पोरांचे पाय कशाला चिकटले?"

सर बोटानं दातातला गूळ उकरू लागले. अण्णांनी नातीचा हात धरला आणि वाट धरली.

फाटकापाशी हिंदुराव म्हणाले, "अण्णा, उरलेले लाडू जपून ठेवा. अजून दोन क्लब बघायचेत."