तांबड्या दगडाची जागा

नदीला अजून कुणी नाव दिलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. काठावरच्या बिळांत ससे, उंदीर आणि घुशी राहत. बिळांच्या बऱ्याच खाली एक तांबडा दगड होता. पाणी त्याला टेकलं की म्हाताऱ्या खेकड्याने नांग्या आपटायच्या आणि सगळ्यांनी पिल्लं घेऊन टेकडी चढायची, असं ठरलेलं होतं.

त्या पावसाळ्यात पाणी तीनदा टेकलं आणि तीनदा तिथूनच ओसरलं. तिसऱ्या खेपेला एकेक पिल्लू खाली आणताना घूस वैतागली.

"खेकडेबाबा, किती वेळा चढायचं हो? अंगात त्राण उरलं नाही."

"मीही थकलोय गं," खेकडा म्हणाला. "पण पाणी कुठं थकतंय?"

मग सगळ्यांनी मिळून तो दगड ढकलत ढकलत बिळांच्या वर नेऊन ठेवला. त्यानंतर खरंच कुणाला टेकडी चढावी लागली नाही. जो तो म्हणायचा, यंदा नदी शहाणी झाली.

एका दुपारी वरून गढूळ लोंढा आला. खेकड्याने जीव खाऊन नांग्या आपटल्या. घुशीने बिळातून डोकं काढलं आणि वर पाहिलं. दगड कोरडा होता.

"अजून टेकलं नाही, बाबा. उगाच दमवू नका," ती म्हणाली आणि आत जाऊन पिल्लांजवळ आडवी झाली.

थोड्या वेळाने पाणी दगडाला टेकलं. ठरल्याप्रमाणे खेकड्याने पुन्हा नांग्या आपटल्या. टेकडीची वाट रिकामीच राहिली.