बेथलेहेमातून वाचलेले लेकरू

एका धरणाच्या फुगवट्याकाठी, डोंगराच्या उतारावर, चाळीस-पन्नास घरांची एक ख्रिस्ती वस्ती होती आणि तेथे एकदा एक वृद्ध पाळक राहत असत. चाळीस वर्षे त्यांनी त्या एकाच मंडळीची सेवा केली होती. वस्तीतल्या बहुतेकांचा बाप्तिस्मा त्यांच्या हातून झालेला, लग्ने त्यांनीच लावलेली; त्यामुळे लहानथोर सगळे त्यांना बाबा म्हणत. त्यांच्या हाताखाली उमेदवारी करण्यासाठी शमुवेल नावाचा एक तरुण उपदेशक आला होता. धर्मशास्त्राच्या परीक्षेत तो पहिला आलेला. आवाज गोड, वाणी शुद्ध, आणि कोणत्याही प्रसंगी योग्य ते वचन त्याच्या जिभेवर तयार असे.

त्या वर्षी भाद्रपदात वस्तीवर आभाळ कोसळले. शाळा पाण्याच्या पलीकडच्या काठावर होती आणि पाच मुले रोज होडीने तिकडे जात. एके सकाळी अर्ध्या वाटेवर वारा उलटला आणि होडी कलंडली. नावाड्याने जिवाच्या आकांताने धडपड केली, पण त्याच्या हाती एकच मूल लागले. उरलेली चार पाण्याखाली गेली.

जे मूल वाचले ते बाबांची नात होती. नऊ वर्षांची नाओमी.

काठावर धावत गेलेल्यांत शमुवेल होता. आठ वर्षांच्या रेबेकाला त्यानेच गळाभर पाण्यात शिरून बाहेर आणले आणि तिच्या आईच्या, तबिथाच्या मांडीवर ठेवले. तबिथा रडली नाही. लेकीच्या वेणीची रिबीन सुटली होती, ती तिने पिळून घट्ट बांधली, मग गाठ नीट बसली नाही म्हणून सोडून पुन्हा बांधली.

चौघांना एकाच दिवशी माती दिली. बाबांनी विधी केला, आशीर्वाद म्हटला. त्यानंतर वस्तीत एक विचित्र शांतता पसरली. बाबा दुःखी घरांना भेटायला जात तेव्हा त्यांच्यासाठी सतरंजी अंथरली जाई, पाणी दिले जाई, प्रार्थनेला सारे डोळे मिटून बसत. आदरात कुठे तीळभर उणे नव्हते. फक्त त्यांच्या डोळ्यांकडे कुणी पाहत नसे. नाओमी अंगणात एकटीच खेळे. इतर मुलांना त्यांच्या आया हाक मारून घरात बोलावून घेत. तबिथाने तर देवळात येणेच सोडले. हे सारे दुःखापोटी होत आहे, काळ जाईल तसे निवळेल, असे शमुवेलला वाटत होते. यापलीकडे काही असेल हे त्याच्या ध्यानातही आले नाही.

डिसेंबर उजाडला. मंडळीच्या पंचांनी बैठक घेऊन ठरवले की यंदा नाताळ साजरा करायचा नाही. चांदण्या टांगायच्या नाहीत, वाजतगाजत फेरी काढायची नाही, करंज्यांचा घाणा घालायचा नाही. पंचवीस तारखेला सकाळी साधी उपासना तेवढी व्हावी. शमुवेलला मनातून हायसे वाटले. ज्या वस्तीतून चार लहानग्या शवपेट्या निघाल्या तिथे ‘आनंद करा’ म्हणायचे कसे, हा त्याच्यापुढचा पेच त्यामुळे सुटला होता.

बाबांनीही पंचांना होकार दिला. मात्र दुसऱ्या दिवसापासून ते काठी टेकत त्या चार घरी जाऊ लागले. नाताळच्या सकाळी देवळात या, एवढीच त्यांची विनंती होती. तिघांनी संकोचाने मान डोलावली. तबिथाने दोनदा दारातूनच परत पाठवले. तिसऱ्यांदा ते गेले तेव्हा तिने विचारले, मी आले तर मला आनंद करायला सांगाल का? बाबा नाही म्हणाले. तेव्हा ती येते म्हणाली.

नाताळच्या सकाळी देऊळ भरले होते, पण जत्रेहून परतलेल्या माणसांसारखे सारे थकलेले दिसत होते. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला सतरंज्यांवर बसल्या. तबिथा मागच्या भिंतीला टेकून बसली. शमुवेलने पाठ निवडून ठेवला होता: रानात राहणारे मेंढपाळ, देवदूतांचा समुदाय, गव्हाणीत निजलेले बाळ. त्यावर त्याने मोठ्या कष्टाने एक प्रवचनही लिहिले होते. त्यात दुःखाचा उल्लेख अगदी हळुवारपणे, एकदाच येत होता.

पाठाची वेळ आली तशी बाबा उठले आणि पाठ मी वाचतो म्हणाले. त्यांनी शास्त्र उघडले आणि शमुवेलने घातलेल्या खुणेवर न थांबता ते पाने मागे उलटत गेले. मग त्यांनी हेरोद राजाची हकिकत वाचायला सुरुवात केली. गव्हाणीतल्या बाळाचा पत्ता न सांगताच परत गेलेल्या मागी लोकांनी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांनी, फसवले म्हणून राजा कसा संतापला, त्याने बेथलेहेमात आणि आसपास शिपाई कसे पाठवले, दोन वर्षांचे आणि त्याहून लहान असे सगळे मुलगे कसे मारले गेले.

म्हाताऱ्या डोळ्यांना पान चुकीचे लागले असावे असे वाटून शमुवेल लगबगीने उठला, जवळ गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला की बाबा, हे पान नव्हे. बाबांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला, तो तसाच धरून ठेवला आणि वाचत राहिले. त्या गावच्या आया रडल्या, आणि कुणी समजूत घातली तरी त्यांना ती नको होती, इथपर्यंत त्यांनी वाचले. बायकांच्या बाजूने एक हुंदका फुटला. एक वयस्क पंच उभे राहिले. ते म्हणाले, “बाबा, आज नको हे.”

“आजच,” बाबा म्हणाले. त्यांनी शास्त्र मिटले. “हेही नाताळचंच पान आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मी थांबतो.”

उपासनेत प्रश्न विचारायचे असतात हे त्या देवळात कुणी कधी ऐकले नव्हते. शमुवेलला वाटले, आता पुढे होऊन सरळ शेवटची प्रार्थना म्हणावी आणि हा प्रकार थांबवावा. तेवढ्यात मागे तबिथा उभी राहिली.

“त्या गावातलं एक लेकरू वाचलं,” ती म्हणाली. चार महिन्यांत तिचा आवाज कुणी नीट ऐकला नव्हता. तो घोगरा झाला होता.

“हो,” बाबा म्हणाले.

“त्याच्या बापाला आधी सांगितलं होतं. स्वप्नात. की ऊठ आणि पोराला घेऊन पळ.”

“हो.”

“बाकीच्यांच्या बापांना का नाही सांगितलं?”

तबिथाची नजर बाबांवरून ढळली आणि पुढच्या सतरंजीवर बसलेल्या नाओमीवर जाऊन थांबली. “एकच वाचलं,” ती म्हणाली. “देवाच्या घरचं होतं म्हणून का?”

गेले चार महिने साऱ्या वस्तीच्या खाली मान घालण्यात काय दडले होते, ते शमुवेलला आत्ता कळले. आणि हेही कळले की बाबांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होते. तबिथाच्या प्रश्नाची तीन उत्तरे त्याला पाठ होती. वर्गात ती त्याने मुद्देसूद लिहून गुणही मिळवले होते. त्यातले एकही त्या बाईच्या तोंडावर म्हणण्याची त्याची छाती होईना.

बाबा वेदीच्या चौथऱ्यावरून खाली उतरले. गुडघ्यांचा त्रास असल्याने त्यांना वेळ लागला. बायकांमधून वाट काढीत ते मागच्या भिंतीपाशी गेले आणि तबिथापुढे जमिनीवर बसले. तीही बसली.

“तबिथा, तू दोन लेकरांबद्दल विचारलंस,” ते म्हणाले. “माझ्या नातीबद्दल मला काही माहीत नाही. ती का, आणि तुझी रेबेका का नाही, हे देवाने मला सांगितलेलं नाही. पाळकाच्या घरची म्हणून ती वाचली असं कुणी म्हणालं, तर तो देवाची निंदा करतो आहे असं समज.”

पुढचे बोलणे त्यांनी फार हळू केले, पण देवळातल्या प्रत्येकाला ते ऐकू गेले.

“दुसऱ्या लेकराबद्दल मात्र सांगतो. ते वाचलं नाही, पोरी. त्याला तीसेक वर्षं जास्त मिळाली, एवढंच. मग शिपाई त्याच्यासाठीही आले, क्रूस घेऊन. त्या वेळी कुणी स्वप्नात येऊन ‘पळ’ म्हणालं नाही. त्याची आई समोर उभी राहून पाहत होती, तू पाहिलंस तसंच. बेथलेहेमची ती लेकरं ज्या काळोखात गेली त्याच काळोखात तो गेला, आपल्या पायांनी चालत. आणि तिसऱ्या दिवशी तिथून बाहेर आला. तिथली वाट माहीत असलेला असा तो एकटाच आहे. तुझी रेबेका त्याच्या हाती आहे आणि तो तिला तिथे ठेवणार नाही. माझ्यापाशी आशा आहे ती एवढी. याहून मोठी असती तर तीही दिली असती.”

तबिथा म्हणाली, “चार महिने हे का नाही बोललात?”

“भीती वाटत होती,” बाबा म्हणाले. “माझी नात घरात जेवत होती. कोणत्या तोंडाने तुझ्याकडे येऊन आशेबद्दल बोलणार होतो?”

शमुवेलने आपल्या गुरूला भीतीबद्दल बोलताना कधी ऐकले नव्हते. तबिथाने डोळ्यांना पदर लावला नाही, पण तिच्या गालांवरून पाणी वाहू लागले, आणि ते थांबेना. शेजारच्या बायका सरकून तिच्या जवळ आल्या. काही वेळाने तिने मान वर केली आणि नाओमीला हाक मारली.

मुलगी घाबरत घाबरत आली. तबिथाने तिला जवळ बसवले आणि विचारले, “होडीत तू तिच्या शेजारी होतीस ना? काय करत होती ती?”

चार महिन्यांत नाओमीला हे कुणीच विचारले नव्हते. मोठ्या माणसांनी तिच्यापुढे तो विषयच टाळला होता. ती खाली पाहत म्हणाली, “सातचा पाढा म्हणत होती. बाई विचारणार होत्या.”

“येत होता?”

“सात सत्ते एकोणपन्नासपर्यंत आला. मग ती हसली, आणि पुन्हा पहिल्यापासून धरला.”

तबिथाने त्या मुलीला उराशी घेतले आणि मोठ्याने रडू लागली. देवळातले सगळेच रडत होते. पुरुषांच्या बाजूने एका बापाने आपल्या मुलाचे नाव मोठ्याने उच्चारले, मग दुसऱ्या बाजूने दुसरे नाव आले. प्रवचन झाले नाही. कुणाला त्याची आठवणही झाली नाही.

दुपारी शमुवेल बाबांच्या ओसरीवर गेला. सकाळपासून त्याच्या मनात साचलेले त्याने बोलून टाकले. बाबांचा त्याला राग आला होता, आणि तो अजून पुरता गेला नव्हता. ती बाई कोलमडली असती तर? लोक देऊळ सोडून निघून गेले असते तर? एवढे मोठे धाडस नाताळच्याच दिवशी कशासाठी?

बाबांनी त्याचे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “निघून गेले असते, हे खरं आहे. रात्रभर मला झोप नव्हती. पण शमुवेल, आपण दरवर्षी नाताळची गोष्ट मेंढपाळांपाशी आणून थांबवतो. पुढचं काही वाचत नाही, कारण ते सणाला शोभत नाही. सुखाच्या वर्षी ते चालून जातं. यंदा मात्र या लोकांना वाटत होतं की देव फक्त चांदण्या टांगलेल्या घरी येतो आणि आपलं घर त्याने ओलांडलं. त्यांना हे सांगायला हवं होतं की तो आला तेव्हाही घराघरांतून असाच आक्रोश होता, आणि तो ऐकून तो परत गेला नाही. त्या आयांचं रडणं पुसून टाकलं असतं, तर त्यांच्यासाठी तो काय करायला आला हेही पुसलं गेलं असतं.”

“आणि तबिथा तो प्रश्न विचारेल, हे तुम्हाला माहीत होतं?”

“ती विचारू शकेल अशी जागा मला करायची होती. तो प्रश्न मनात ठेवून ती प्रार्थनेला बसली असती, तर तिला प्रार्थना करता आली नसती. मलाही येत नव्हती.”

उन्हे कलेपर्यंत शमुवेल ओसरीवरच बसून राहिला. समोर धरणाचे पाणी दिसत होते. गेले चार महिने तो त्या बाजूला पाठ करून बसत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठून बुडालेल्या मुलांपैकी सौरभच्या घरी गेला. सौरभचा बाप दारात दोर वळत होता. त्याने सतरंजी आणायला घरात हाक मारली, पण शमुवेल तोवर त्याच्या शेजारी जमिनीवर बसला होता. त्याने फक्त एवढेच विचारले की सौरभला काय काय आवडायचे. बाप दोर बाजूला ठेवून बोलू लागला. मुलाने पाळलेली शेळी, त्याची खोटी खोटी पोटदुखी, मासे पकडायच्या त्याच्या युक्त्या, एकदा मारल्याबद्दल अजून वाटणारी टोचणी. मध्येच तो हसला आणि आपण हसलो म्हणून दचकला. शमुवेल ऐकत होता. सूर्य डोक्यावर आला तेव्हा तो निघायला उठला.

बाप वस्तीच्या कडेपर्यंत त्याच्या सोबत आला आणि म्हणाला, “उद्या पुन्हा या. अजून पुष्कळ सांगायचं राहिलंय.”