तांब्याच्या कुपीतली गुरगुर

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा राज्य करीत होता. कुत्र्यांच्या गुरगुरण्याने त्याच्या दरबाराचा बेरंग होई. म्हणून त्याने धूम्रकेश जादूगाराला बोलावले आणि राज्यातल्या साऱ्या कुत्र्यांची गुरगुर काढून घ्यायला सांगितले. जादूगाराने ती तांब्याच्या कुपीत भरली नि काळ्या डोंगरावर नेऊन ठेवली.

राज्य शांत झाले, पण कुत्री एकमेकांच्या जिवावर उठली. सावध करायला आवाजच उरला नाही. समोरासमोर आली की सरळ नरडीला दात. सोडवायला गेलेली माणसेही रक्तबंबाळ होऊन परतू लागली. शेवटी राजाने दवंडी पिटवली : अमावास्येला प्रत्येक कुत्रे कड्यावरून लोटावे.

राजकन्या चारुमतीजवळ काजळ्या नावाचा कुत्रा होता. आई गेल्यापासून तो तिच्या पायांशी निजे. दवंडी ऐकताच तिने त्याच्या गळ्यात दोर बांधला आणि काळ्या डोंगराची वाट धरली.

पायथ्याशी एक टिटवी बसली होती. ती म्हणाली, "राजकन्ये, वर तीन दारे आहेत. दर दाराशी एक कुत्रा. शस्त्र उचललेस तर कुपीचा दगड होईल."

"मग मी जाऊ कशी?"

"त्यांचा कंठ गेला, अंग उरले आहे. ते काय सांगते ते पाहा."

पहिल्या दाराशी पांढरा कुत्रा शेपूट हलवीत उभा होता. चारुमतीला वाटले, हा मायाळू आहे. शेपूट काठीसारखे ताठ आहे, नजर काजळ्यावर खिळली आहे, हे तिने पाहिलेच नाही. ती पुढे झाली आणि पांढऱ्याने काजळ्याच्या मानेचा लचका तोडला. तिने कसेबसे त्याला ओढून दारापार नेले. ओढणी फाडून जखम बांधली. रक्त थांबेना.

"मागे फिरू का?" तिने विचारले.

"फिरलीस तर अमावास्या आहेच," डोक्यावर घिरट्या घालीत आलेली टिटवी म्हणाली.

दुसऱ्या दाराशी तांबडा कुत्रा होता. तो जांभई देई, ओठ चाटी, तोंड फिरवी. या वेळी चारुमती थांबली. हा भ्यालेला आहे, याला जागा हवी आहे, हे तिला उमगले. ती दुरून वळसा घेऊन गेली. त्याने वाट दिली.

तिसऱ्या दाराशी एक म्हातारी कुत्री सैल अंगाने पहुडली होती. कान ढिले, डोळे मऊ. चारुमतीने सुटकेचा निःश्वास सोडला नि खाली पाहिले, तर काजळ्या थिजला होता. तोंड मिटलेले, पाठीवरचे केस उभे, सारा भार पुढच्या पायांवर. पहिल्या दाराने त्याला असे केले होते, आणि त्या दारातून त्याला तिनेच नेले होते. तिला रडू कोसळले. तरी तिने दोर ताणला नाही. त्याच्या नि म्हातारीच्या मध्ये उभी राहून हलकेच म्हणाली, "काजळ्या, चल." बऱ्याच वेळाने त्याने मान वळवली आणि दोघे दारापार गेली.

आत कुपी होती. तिने झाकण काढताच डोंगर घुमला आणि कोंडलेली गुरगुर मोकळी झाली. काजळ्या तिथेच खाली बसला. तिने जखमेकडे हात नेला, तसा तो गुरगुरला. क्षीण, पण स्पष्ट. चारुमतीने हात मागे घेतला. मग त्याचा श्वास थांबेपर्यंत ती तशीच हातभर अंतरावर बसून राहिली.

ती एकटी नगरात परतली तेव्हा वेशीवर दोन कुत्री समोरासमोर आली, गुरगुरली आणि आपापल्या वाटेने गेली. लोकांनी जयजयकार केला. राजाने हुकूम मागे घेतला.

"मुली, काय हवे ते माग."

"महाराज, यापुढे त्यांना कुणी गप्प करू नये."

राजाने मान खाली घातली. राज्याची घडी पूर्ववत बसली. चारुमतीच्या महालात मात्र पुन्हा कुत्रा आला नाही.